भंडाऱ्यात किरायाची खोली शोधताना

बारावीचा निकाल लागला की भंडाऱ्यात ‘रूम किरायाने आहे का’ अशी विचारणा सुरू होते. लाखांदूर, पवनी, तुमसरकडची मुलं जे. एम. पटेल महाविद्यालयात येतात, काही शहापूरच्या अभियांत्रिकीला जातात. २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचीही भर पडली. या घाईत खोली पक्की होते, पण कागद राहून जातो. खरं नुकसान होतं ते तिथेच.

पहिला प्रश्न, खोली हवीच का? एसटीच्या विद्यार्थी पासवर प्रवासभाड्याचा साधारण एक तृतीयांशच भाग भरावा लागतो. लाखनीहून रोज ये-जा जमू शकते, लाखांदूरहून जमणं कठीण. ठरवण्याआधी प्रॅक्टिकल संपल्यावर गावाकडची शेवटची बस मिळते का, ते आगारात विचारून घ्यावं.

खोली लागणारच असेल, तरी आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरावा. ‘नंबर लागणारच नाही’ म्हणून अनेक जण तो भरतच नाहीत आणि इथेच पहिली चूक होते. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचा खर्च थेट बँक खात्यात देणारी ही मदत आहे. अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर चालतात. स्वाधारमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला ४३ हजारांपर्यंत रक्कम ठरलेली आहे. मात्र त्यासाठी किरायाचा करारनामा जोडावा लागतो. तोंडी ठरलेली खोली इथे उपयोगाची नाही.

आता जागा. ‘स्टेशनजवळ’ असं कुणी सांगितलं तर नीट विचारावं. भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन वरठीला आहे, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. शहापूरला शिकणाऱ्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त खोली घेतली, तर वाचलेला किराया ऑटोतच जातो.

तळमजल्याची खोली असेल तर आणखी एक चौकशी करावी. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी शहराच्या सखल भागांत शिरलं होतं. ‘तेव्हा इथे पाणी कुठवर आलं होतं?’ हे घरमालकापेक्षा शेजाऱ्याला विचारलेलं बरं. वरच्या मजल्याची अडचण वेगळी. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली बसून अभ्यास होत नाही. त्यामुळे खोली शक्यतो दुपारी बघावी. कूलर लावायला खिडकी आहे का, नळाला पाणी किती वाजता येतं, मोटर कोण सुरू करतं, हेही तेव्हाच कळतं.

कूलरवरून विजेचा वाद निघतो, म्हणून मीटर समजून घेऊ. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटना कमी, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त आणि पुढे आणखी वाढत जातो. चार खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांची युनिटं एकत्र मोजली जातात आणि आपण पंखाच लावत असलो तरी महागडा टप्पा आपल्याही वाट्याला येतो. खोलीला सब-मीटर, म्हणजे मुख्य मीटरपुढे तेवढ्याच खोलीसाठी बसवलेला छोटा मीटर, आहे का ते बघावं. प्रति युनिट दर आधीच ठरवावा. कूलरचे वेगळे पैसे द्यायचे असतील तर कोणत्या महिन्यांचे, तेही तेव्हाच बोलून घ्यावं.

पैशांत महिन्याचा किराया आणि अनामत, म्हणजे खोली सोडताना परत मिळणारी रक्कम, असे दोन भाग असतात. ‘आज टोकन टाका, नाहीतर दुसरा येतो’ असा फोन आला तरी खोली न बघता पैसे पाठवू नयेत. दिल्यावर पावती घ्यावी, निदान ऑनलाइन पाठवून नोंद ठेवावी.

करारावर मात्र थोडं थांबू. सहसा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. जागा मालकाचीच राहते, आपल्याला ठरावीक काळ वापरण्याची परवानगी मिळते. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला की झालं, असा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. नोंदणी ऑनलाइनही होते. शुल्क शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. हा खर्च कुणी करायचा ते बोलून घ्यावं. निम्मा-निम्मा केला तरी तो आपल्या फायद्याचा आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर त्याची सही चालत नाही, सही आई-वडिलांनी करायची.

कराराची शेवटची तारीखही बघावी. जुलैत सुरू झालेला ११ महिन्यांचा करार मेअखेर संपतो. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा जूनमध्ये गेली तर ऐन पेपरांत खोली सोडण्याचा तगादा लागतो. ‘परीक्षा संपेपर्यंत त्याच किरायात’ एवढं वाक्य करारात घालून घ्यावं.

राहायला गेल्या दिवशी भिंतींची ओल, नळ, कडी-कोयंडे आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवावेत. खोली सोडायच्या एक महिना आधी लेखी कळवावं. शेवटच्या दिवशी तेच फोटो पुन्हा काढावेत, वीजबिल चुकतं करावं आणि अनामत हातात पडल्यावरच किल्ली द्यावी.