मृत्युमुखवटा

मृत्युमुखवटा म्हणजे मृत व्यक्तीच्या चेहऱ्यावरून थेट साचा घेऊन मेण, प्लास्टर किंवा धातूत ओतलेली प्रतिकृती होय. तुतनखामुनचा प्रसिद्ध मुखवटा सोन्याचा पत्रा ठोकून घडवलेला असल्याने तो या अर्थाने मृत्युमुखवटा ठरत नाही.

कृती

मृत्यूनंतर चेहऱ्याची ठेवण लवकर बदलते, म्हणून साचा शक्यतो काही तासांतच घेतात. प्लास्टर चिकटू नये यासाठी त्वचेला तेल लावतात. भुवया, पापण्या व दाढीवर चरबीचा जाड लेप देतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध दोरा ठेवून त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचे थर चढवतात. प्लास्टर पूर्ण घट्ट होण्यापूर्वी दोरा ओढल्यास साचा दोन भागांत विभागला जातो व काढणे सोपे होते. हे भाग जोडून आत मेण किंवा प्लास्टर ओतले की मुखवटा तयार होतो.

इतिहास

प्राचीन रोममधील उमराव घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे जपले जात व अंत्ययात्रेत ते मिरवले जात. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून युरोपात राजांच्या अंत्यविधीसाठी प्रतिमा घडवताना अशा साच्यांचा उपयोग होऊ लागला. पुढे न्यूटन (मृत्यू १७२७) आणि नेपोलियन (मृत्यू १८२१) यांचेही मुखवटे घेण्यात आले. शिल्पकारांना पुतळ्यासाठी ते आधारभूत ठरत. छायाचित्रणाचा प्रसार झाल्यावर ही प्रथा मागे पडली.

विश्वासार्हता

साचा थेट चेहऱ्यावरून घेतला जात असला, तरी त्यातून जिवंतपणीचा चेहरा दिसेलच असे नाही. बीथोव्हेनचा मृत्यू २६ मार्च १८२७ रोजी झाला. शवविच्छेदनात कवटीची हाडे काढल्यानंतर, २८ मार्च रोजी योझेफ डानहाउझर याने त्याचा साचा घेतला. त्यामुळे त्यातील चेहरा खचलेला दिसतो. बीथोव्हेनच्या अनेक पुतळ्यांना आधार ठरलेला मुखवटा १८१२ मध्ये, तो जिवंत असताना, फ्रान्झ क्लाइन याने घेतला होता.

सीन नदीतील अज्ञात तरुणी

पॅरिसमधील सीन नदीत बुडालेल्या अनोळखी तरुणीचा म्हणून एक मुखवटा प्रसिद्ध आहे. मात्र त्यावरील रेखीव, स्मितयुक्त चेहरा पाण्यात बुडालेल्या मृतदेहाचा वाटत नसल्याने तो जिवंत व्यक्तीवरून घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. नॉर्वेचे खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या प्रशिक्षणासाठी बनवलेल्या ‘रेसुसी ॲन’ या पुतळीला हाच चेहरा देण्यात आला.