चापाचा हरवलेला स्क्रू आणि पाचशे ग्रॅमचा हिशेब

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापावर किमान ५०० ग्रॅम भार असलाच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम. स्पर्धेपूर्वी पिस्तूल उभे धरून चापाला तेवढे वजन अडकवले जाते. ते उचलण्याआधीच खटका सुटला तर पिस्तूल चाचणीत नापास. हा भार, चापाची पहिली चाल आणि खटका सुटल्यावर चाप थांबण्याची जागा, हे सारे तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंवर ठरते. असा एखादा स्क्रू सैल होऊन पडला, तर वडोदऱ्यासारख्या यंत्रकामाच्या शहरातही पंचाईत होते.

सयाजीरावांनी १८९० साली येथे कलाभवन काढून तंत्रशिक्षणाचा पाया घातला. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ फिरत असतात. पण तिथला रोजचा व्यवहार मोठ्या बोल्टांचा. दोन-तीन मिलिमीटरचा, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू मागितला की दुकानदार बहुधा नकारार्थी मान हलवतो. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे एम-२, एम-२.५ मिळतात खरे, पण ते डोक्याचे. खेळण्यातली विमाने आणि ड्रोन यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे चौकशी करणे अधिक फलदायी.

त्याआधी मोजमाप हवे. व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने आट्यांमधले अंतर पाहावे. युरोपीय पिस्तुलांत सहसा मेट्रिक आटे असतात: एम-३ चे अंतर ०.५ मिलिमीटर, एम-२.५ चे ०.४५, एम-२ चे ०.४. अमेरिकी चार-चाळीस स्क्रू २.८४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे हाताला एम-३ सारखाच भासतो. मात्र त्याच्या आट्यांचे अंतर ०.६३५ आहे. तो एक-दोन वेढे जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की चापाच्या मूळ भागाचेच आटे जातात, आणि मग प्रश्न स्क्रूचा राहत नाही.

टोकाचा आकारही जुळला पाहिजे. सपाट टोकाच्या जागी अणकुचीदार स्क्रू बसवला तर टेकणारा पृष्ठभाग खरवडला जातो. साधा मऊ स्क्रू कापून घासणे हा तात्पुरता जुगाड. त्याचे टोक दबते आणि बसवलेला भार हळूहळू बदलतो. एम-३ स्क्रू षटकोनी चावीने एक षष्ठांश वेढा फिरवला तर तो सुमारे ०.०८ मिलिमीटर सरकतो. नेमबाजाच्या बोटाला एवढा फरकही कळतो.

म्हणून उत्पादकाच्या आकृतीतील भाग-क्रमांक देऊन मूळ स्क्रू मागवणेच बरे, वेळ लागला तरी. खटक्याची पकड ठरवणाऱ्या स्क्रूला तर जाणकाराखेरीज कुणी हात लावू नये: पकड कमी झाली तर पिस्तूल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते. कोणतेही काम करण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून हवेची नळी काढून ठेवावी.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचे पिस्तूल पात्रता फेरीत बिघडले. दुरुस्तीत बरीच मिनिटे गेली. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली आणि अंतिम फेरी हुकली.

नवा स्क्रू बसवण्यापूर्वी शेजारचे स्क्रू किती वेढे आत आहेत ते मोजून लिहून ठेवावे. आटे घट्ट धरणारे द्रव वापरायचे झाल्यास सौम्य प्रकारचे, तेही सुईच्या टोकाएवढेच. नंतर पुन्हा ५०० ग्रॅमचे वजन लावून पाहावे, एकदा नव्हे, अनेकदा.