छत संचालकांचं, ओसरी मुलांची

डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने वास्तुरचनाकार लुई कान यांनी रचलेल्या १८ जुन्या वसतिगृहांपैकी १४ पाडायचं ठरवलं आणि जगभरातले वास्तुरचनाकार खवळले. संस्थेची बाजू साधी होती: विटा निखळतात, छताचे तुकडे पडतात, पाणी झिरपतं, २००१ च्या भूकंपाचे तडे आहेतच. मुलं जिथे झोपतात तिथलं छत भरवशाचं नसेल, तर संचालकांना झोप कशी लागावी?

पण साठ वर्षांपूर्वी याच संस्थेचे कर्तेधर्ते वेगळ्या काळजीत होते: इमारती कुणाकडून रचून घ्यायच्या? विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी या कामासाठी वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींना विचारलं. दोशींनी फिलाडेल्फियाच्या लुई कान यांचं नाव सुचवलं. एखाद्याने हातचं काम असं दुसऱ्याकडे वळवणं विरळाच!

शिकणं फक्त वर्गात होतं, हे कानना मान्य नव्हतं. म्हणून वसतिगृहात त्यांनी लांबलचक व्हरांडा आणि ओळीने खोल्या असा हिशेब ठेवलाच नाही. मजल्यावर दहाएक खोल्या, मध्ये जिना आणि चहाची जागा. खोलीतून बाहेर पडलं की कुणीतरी भेटणारच. हार्वर्डच्या धर्तीवर इथे ‘केस’, म्हणजे धंद्यातला खराखुरा प्रसंग, घेऊन शिकवतात. तिचा अर्धा कीस वर्गाआधीच पाडावा लागतो, आणि त्याला अशीच ओसरी लागते. भिंतींमधली ती प्रचंड गोल भोकं फोटोत मिरवतात खरी, पण मूळ काम सावलीचं आणि वाऱ्याचं. विटांच्या कमानी पसरू नयेत म्हणून खाली काँक्रीटच्या आडव्या तुळयांनी त्या बांधून धरल्यात.

दुखणंही बांधकामातच आहे. विटकामातली सळई गंजली की फुगते आणि शेजारची वीट फोडते.

१९७४ मध्ये अहमदाबादहून परततानाच कान न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात वारले. पुढचं काम मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी अनंत राजे यांनी सांभाळलं. इथल्या ग्रंथालयाची डागडुजी मुंबईच्याच ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केली आणि २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते, हे संस्थेने स्वतःच दाखवलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी पाडण्याची भाषा आली, हे मला पटलेलं नाही.

१ जानेवारी २०२१ ला प्रस्ताव मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा पवित्रा बदलला: काही इमारती बाहेरचा चेहरा तसाच ठेवून नव्याने बांधायच्या. कान यांचं खरं डोकं चाललं होतं ते मात्र आतल्या मांडणीत.