वजनाची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत दवाखान्यांची वाण नाही. पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची की नाही, याचा हिशेब घरच्या वहीत सुरू करावा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल, तर हा भागाकार, म्हणजे बीएमआय, सुमारे ३५ येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार ३५ किंवा त्यापुढे दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवली जाते. आशियाई लोकांत २७.५ पासूनच तिचा विचार होतो, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात. म्हणून घाई नको. आधी साखर, थायरॉईड, हृदय आणि झोपेतला श्वास तपासून घेतात. तंबाखू, मिश्री सोडावीच लागते. शेवटचे साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार असतो. त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणे सोपे जाते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा समोर येईल, पण घोट लहान असतील. आधी प्रथिने, मग चतकोर भाकरी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी मात्र जन्मभर. निर्णय घरच्यांना सोबत घेऊन करा. चूल सगळ्यांची एकच असते.