‘हार्डटेल’ : संज्ञा आणि सांधा

मोटारसायकलीच्या ज्या सांगाड्यात मागील चाकाचा आस स्प्रिंगच्या मध्यस्थीवाचून थेट सांगाड्यास जखडलेला असतो, त्यास ‘हार्डटेल’ म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना १९५७ पर्यंत असाच सांगाडा असे. १९५८ च्या ‘ड्युओ-ग्लाइड’पासून त्यांस मागेही स्प्रिंग आली. स्प्रिंग हा नियम ठरल्यावर तिच्या अभावास वेगळे नाव लागावे, हे स्वाभाविकच होय.

पुढे अमेरिकेतील ‘चॉपर’ बांधणाऱ्यांना जुनी सरळ रेषा पुन्हा हवीशी वाटली. सांगाड्याचा मागील भाग कापून त्या जागी ताठ नळ्यांचा भाग वेल्डिंगने जोडण्याची रीत त्यातूनच आली. येथे ‘हार्ड’ म्हणजे न लवणारे, बळकट नव्हे. स्प्रिंग जो धक्का पचवी, तो आता सांध्यापर्यंत पोहोचतो. नळ्यांची टोके नुसती भिडवून वेल्ड केल्यास सारा ताण त्या एका रेषेत एकवटतो. म्हणून दोन्ही नळ्यांच्या आत घट्ट बसणारा पोलादी तुकडा घालतात, नळ्यांस पाडलेली भोके वेल्डने भरून तो पक्का करतात, आणि नंतर सांध्याची कड पूर्ण करतात. निवताना धातू आकसतो व नळी ओढली जाते. यास्तव सांगाडा साच्यात जखडून, प्रथम लहान टाके देऊन, डावी-उजवी बाजू आळीपाळीने भरावी लागते. एरवी दोन्ही चाके एका रेषेत राहत नाहीत. शोभेसाठी वेल्ड घासून सपाट केल्यास त्याची जाडी घटते व सांधा दुबळा होतो.

संज्ञा स्प्रिंगचा अभाव तेवढा सांगते. स्वाराचा जीव मात्र सांध्यावर अवलंबून असतो.