मोठा मासा : खावा, विकावा की सोडावा?



आमच्या किनवटकडं पहिला मोठा पाऊस पडला, की पैनगंगेचं पाणी गढूळ होतं आणि दोन दिवसांत वर्गात माशांच्या गोष्टी सुरू होतात. कोणाच्या मामानं वाम धरलेली असते, कोणाच्या शेताजवळच्या ओढ्यात चढणीचे मासे आलेले असतात. विज्ञानाचा तास असो की मराठीचा, पोरांचं लक्ष तिकडंच. मीही अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवतो. नदी स्वतःहून वर्गात आलेली असताना तिला बाहेर कशाला घालवायचं?

मागच्या वर्षी मात्र अशाच एका गप्पांमध्ये माझं चुकलं. त्या चुकीतूनच हा पाठ तयार झाला.

वर्गात काय घडलं

सातवीतल्या एका मुलानं वडिलांचा फोटो आणला होता. हातात भला मोठा शिंगाळा, डोकं छातीशी आणि शेपटी गुडघ्याच्या खाली. "सर, लय जड होता. पोटात गाभोळीच गाभोळी!" पोरगं आनंदानं सांगत होतं.

मी पटकन बोलून गेलो, "अरे, अंड्यांवर आलेली मादी होती तर सोडून द्यायला हवी होती ना."

लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "पाप लागतं सर, असं मारलं तर." दोन-तीन जण हसले. मुलानं फोटो दप्तरात ठेवला आणि खाली बघत म्हणाला, "त्याच पैशात माह्या बहिणीचं दप्तर अन् वह्या आल्या सर."

वर्ग गप्प झाला. मीही झालो. त्याचं घर पिढ्यान्पिढ्या मासेमारीवर चालतं. मी महिन्याच्या पगारावर जगणारा माणूस, त्याच्या घरच्या कमाईला चार मुलांसमोर चूक ठरवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याची वर्गासमोर माफी मागितली आणि म्हणालो, "मी उत्तर आधी दिलं, प्रश्न नीट विचारलाच नाही. आता आपण सगळे मिळून विचारू."

प्रश्न असा : जाळ्यात किंवा गळाला मोठा मासा लागला, तर तो खाणं-विकणं योग्य की सोडणं योग्य?

आधी गणित

फळ्यावर दोन मासे काढले, एक ३० सेंटिमीटर लांब, दुसरा ६० सेंटिमीटर. "दुसरा किती पट जड?" सगळे ओरडले, "दुप्पट!"

इथं घनाचा पाठ उपयोगी पडतो. मासा लांबीनं दुप्पट झाला की रुंदीनं आणि जाडीनंही साधारण दुप्पट होतो. २ × २ × २ = ८. म्हणजे वजन जवळजवळ आठपट. मग अंडीही आठपट असतील का?

इथं खरी गंमत आहे. २०१८ साली समुद्री माशांच्या ३४२ जातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की बहुतेक जातींत मादी जसजशी मोठी होते, तसतशी अंडी वजनापेक्षाही जास्त वेगानं वाढतात. अटलांटिक महासागरातल्या कॉड माशाचं उदाहरण बघा. ३० किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढ्या अंड्यांसाठी २ किलोच्या सुमारे २८ माद्या लागतात. त्या २८ माद्यांचं एकूण वजन होतं ५६ किलो! शिवाय अनेक जातींत मोठ्या मादीची अंडी आकारानंही मोठी असतात, त्यामुळं पिल्लाला सुरुवातीची शिदोरी जास्त मिळते.

आपण लहानपणापासून ऐकत आलो, की लहान मासा सोडावा आणि मोठा घ्यावा. त्यातला पहिला भाग बरोबरच आहे. ज्यानं एकदाही अंडी घातली नाहीत, त्याला पकडणं म्हणजे बियाणंच खाऊन टाकणं. महाराष्ट्र सरकारनंही २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. दुसऱ्या भागाचा मात्र नव्यानं विचार करावा लागतो. शेतकरी सगळ्यात चांगलं कणीस बियाण्याला राखून ठेवतो. नदीत आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यात चांगलं कणीस आधी खातो.

याचा दुसराही परिणाम होतो. अमेरिकेत छोट्या समुद्री माशांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. काही टाक्यांतून दर पिढीला मोठे मासे काढले, काही टाक्यांतून लहान. चारच पिढ्यांत मोठे काढलेल्या टाक्यांतले मासे सरासरीनं बरेच लहान राहू लागले. सतत मोठ्यांनाच काढलं, तर लहानपणीच थांबणारे मासे मागं उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

सगळे मोठे मासे सारखे नसतात

एवढं ऐकून एक मुलगी म्हणाली, "मग सर, मोठा मासा खायचाच नाही का?" नाही, तसंही नाही. मासा कोणता, कुठला आणि कोणत्या दिवसांतला, हे आधी बघायचं. आम्ही चार उदाहरणं घेतली.

१. तळ्यातला कटला किंवा रोहू. हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. गावतळ्यात संस्था जे बीज सोडते, ते बहुधा अंडी उबवण केंद्रातून आणलेलं असतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन यशस्वी केलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तेव्हा तळ्यातला पाच किलोचा कटला खाल्ला, म्हणून पुढची पिढी बुडत नाही. ते पीकच आहे, पेरलं आणि कापलं.

२. नदीतला शिंगाळा, वाम. हे आपल्या नद्यांचे मूळ रहिवासी. त्यांचं बीज कोणी विकत आणून सोडत नाही, नदीनंच ते तयार करायचं. पावसाच्या सुरुवातीला कितीतरी जातींचे मासे अंडी घालायला वर चढतात. त्याच वेळी ते उथळ पाण्यात येतात आणि सहज सापडतात. चढणीच्या माशांची चव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती चव नेमकी गाभोळीच्या दिवसांतली आहे. इथं मोठी मादी सोडण्याला खरा अर्थ आहे.

३. पिल्लांसोबतची मरळ. आमच्या पोरांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कडेच्या पाण्यात लालसर पिल्लांचा थवा वर-खाली करत असतो आणि खाली आई-बाप राखण करत असतात. थवा दिसला, की तिथंच गळ टाकायचा ही अनेकांची युक्ती. आई-बाप गेले, की त्या शेकडो पिल्लांना राखणारं कोणी उरत नाही. इथं एक मासा धरला असं म्हणताच येत नाही. हे वाक्य वर्गातल्याच एका मुलीचं.

४. आफ्रिकन मांगूर, चिलापी. हे बाहेरून आलेले मासे. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे, कारण तो दिसेल ते खातो आणि स्थानिक माशांना उरू देत नाही. असा मासा कितीही मोठा असला, तरी दया म्हणून परत नदीत सोडणं हे नदीवरच संकट आहे.

म्हणजे "सोडणं चांगलं, मारणं वाईट" असा सरळ नियम लावता येत नाही.

पोटाचा मासा आणि फोटोचा मासा

आता सगळ्यात अवघड भाग. मासा कोण धरतोय, याला महत्त्व आहे की नाही?

ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मासे मिळाले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना गेले. घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशात मोठी किंमत आहे. बातमी वाचून सगळ्यांनी "नशीब उघडलं" म्हटलं. महिनोन्महिने बंदी, वादळ आणि डिझेलचा खर्च सोसणाऱ्या कुटुंबाला "तुम्ही त्या सोडायला हव्या होत्या" असं आपण शहाणपणानं सांगू शकतो का? मला तरी जमणार नाही.

उलट बाजूला हौसेची मासेमारी आहे. गाडीनं यायचं, सगळ्यात मोठा मासा काढायचा, फोटो टाकायचा आणि घरी कोणी खाणारं नसेल तर तो वाटून टाकायचा. दोघांनीही मासाच मारला. पण एकाच्या घरची चूल त्यावर पेटते, दुसऱ्याला दुसरा लहान मासाही चालला असता. सोडणं ज्याला परवडतं, त्यानं आधी सोडावं. न्याय म्हणून मला एवढंच सुचतं. आणि ज्याला परवडत नाही त्यानं सोडावं असं समाजाला वाटत असेल, तर त्याच्या त्या दिवसांच्या कमाईची सोयही समाजानं करायला हवी. नुसता उपदेश फुकटचा असतो.

आणखी एक गोष्ट मुलांनीच काढली. "सर, करंट लावून आन् ब्लीचिंग टाकून मारतात, त्यांचं काय?" अगदी बरोबर. जाळं टाकणाऱ्या बापाला आपण प्रश्न विचारतो, पण डोहात विजेची तार सोडणारा लहान-मोठं काहीच ठेवत नाही. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. आणि आपल्या शेजारच्या पैनगंगा अभयारण्यात परवानगीशिवाय मासेमारीच करता येत नाही.

डोह राखणारी गावं

आपल्याकडं मोठे मासे राखण्याची जुनी रीत आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर वरदायिनी देवीचे मानतात, त्यांना कोणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे इथं महादेवाचं मंदिर आहे, तिथंही डोहातले मासे देवाचे. लोक नदीच्या बाकीच्या भागात मासे धरतात आणि खातात, फक्त तेवढा डोह सोडतात. श्रद्धा बाजूला ठेवून पाहिलं, तरी यात शहाणपण दिसतं. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा मोठे मासे खोल डोहातच तग धरतात, आणि पावसात तिथूनच नदी पुन्हा भरते.

पण चांगल्या हेतूलाही माहितीची जोड लागते. लोणावळ्याजवळच्या वळवण इथल्या टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात. दख्खनच्या या महसीरला त्याचा फायदा झाला. मात्र तीच जात दूर कावेरीत सोडली गेली, आणि तिथला मूळचा मोठ्या वशिंडाचा महसीर मागं पडत गेला. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. मासे सोडतानाही कुठले आणि कुठं हे विचारावंच लागतं.

सोडायचाच, तर असा

अर्धमेला करून सोडलेला मासा पुढच्या वळणावर मरतो. म्हणून मुलांनी ही यादी केली :

- हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो.
- कल्ल्यात बोट घालून उचलू नका.
- शक्यतो पाण्यातच गळ काढा. जमिनीवर, वाळूवर टाकू नका.
- फोटो काढायचा तर एकच, झटपट.
- भर उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, त्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा तेव्हा सहसा वाचत नाही. म्हणून त्या दिवसांत हौसेसाठी गळ टाकूच नये.

वर्गात आणि घरी काय करता येईल

१. घरी मासा आणला, तर लांबी आणि वजन वहीत लिहायला सांगा. लांबीचा घन आणि वजन यांचा संबंध मुलं स्वतः काढतात.
२. मोठं खवलं धुऊन भिंगाखाली बघा. त्यावरची वर्तुळं मुलांना फार आवडतात.
३. आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी सगळ्यात मोठा मासा केवढा होता? कोणत्या डोहात? आता मिळतो का?
४. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा, ज्या घरात जी बोली असेल, त्या बोलीतली माशांची नावं जमा करा.
५. चर्चा घेताना कोणाच्या घरच्या ताटाला नावं ठेवू देऊ नका. वर्गात न खाणारी मुलं असतात, रोज खाणारी असतात आणि विकून शिकणारीही असतात. "पाप" हा शब्द निघाला तर थांबा आणि विचारा, "नुकसान कोणाचं, किती, आणि ते भरून निघतं का?"

या पाठाच्या शेवटी मी त्या मुलाला विचारलं, "तुझं काय मत?" तो म्हणाला, "सर, पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस सगळ्यांनीच जाळं टाकलं नाही, तर माहा बापबी टाकणार नाही. पण एकट्यानं कसं थांबावं? त्यानं सोडलेला मासा खालच्या गावचा धरतो."

याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते ग्रामसभेत, मच्छीमार संस्थेत, नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी मिळून काढायचं आहे. आम्ही मुलांच्या हातून तसं एक पत्र ग्रामपंचायतीला दिलं आहे.

तुमच्या भागात नदीचा एखादा डोह राखला जात असेल, किंवा काही दिवस मासेमारी थांबवायची रीत असेल, तर जरूर कळवा. पुढच्या पावसाळ्याआधी मुलांना वाचून दाखवीन.