अडीच रुपयांची नोट, पाच लाखांचे स्वप्न

२०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यातील ही गोष्ट. माझ्या निवृत्तीला अवघे एक वर्ष उरले होते. कोकणातील आमचे तालुक्याचे गाव पावसाने झोडपून निघत होते. अशा एका दुपारी, छत्री दाराशी ठेवून आणि मुखपट्टी सावरत, आमचे एक जुने ठेवीदार शाखेत आले. हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. हातात मुदत ठेवीची पावती होती. पंधरा हजारांची ती ठेव त्यांना मुदतीपूर्वीच मोडायची होती.

कारण विचारले, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहून खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. आत पाच रुपयांची जुनी नोट होती. मागील बाजूस शेत नांगरणारा ट्रॅक्टर, आणि क्रमांकाच्या शेवटी ७८६ हे आकडे.

"साहेब, या नोटेचे पाच लाख मिळणार आहेत. मोबाईलवर एका गृहस्थांशी सगळे बोलणे झाले आहे. आधी नोंदणी शुल्क आणि कर म्हणून चौदा हजार भरायचे, एवढेच."

मी म्हटले, "गुरुजी, ठेव तुमची आहे, ती मोडण्याचा अधिकारही तुमचाच आहे. फक्त एक दिवस थांबा. उद्या मी घरून एक वही घेऊन येतो. ती पाहा आणि मग ठरवा."

ती वही म्हणजे माझा नोटांचा संग्रह.

पोथीतील नोट

मी १९८४ साली रोखपाल म्हणून बँकेच्या सेवेत रुजू झालो. त्या काळी शंभर नोटांच्या गड्डीला जाड पिना ठोकलेल्या असत. त्या उपसताना बोटे रक्ताळत. दिवसभर अशा गड्ड्या मोजणाऱ्या माणसाला नोटा जमविण्याचा छंद जडावा, याचे आमच्या घरी सर्वांनाच नवल वाटे. "बँकेत नोटा मोजता आणि घरी येऊन पुन्हा नोटाच पाहता?" या सौभाग्यवतींच्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही समाधानकारक उत्तर नाही.

छंदाचे मूळ मात्र आजोबांच्या पोथीत आहे. त्यांच्या निधनानंतर पोथीची पाने नीट लावताना आत एक नोट सापडली. वाचनाची खूण म्हणून ठेवलेली असावी. तिचे मूल्य होते दोन रुपये आठ आणे! अडीच रुपयांची नोट असू शकते, हेच मला ठाऊक नव्हते.

पुढे वाचनातून उलगडा झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई निर्माण झाली आणि रुपयाची नाणी पुरेशी पाडणे सरकारला कठीण होऊन बसले. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढण्यात आली. कागदाच्या रुपयावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून तिच्यावर चांदीच्या नाण्याचे चित्र छापले होते. तिच्या पाठोपाठ अडीच रुपयांची नोट आली. या दोन्ही नोटांचा खर्च परवडेना, तेव्हा १ जानेवारी १९२६ पासून त्या काढणे बंद झाले. आजोबांची नोट मात्र पोथीत तशीच राहिली. खर्चायची राहून गेलेली ती नोट माझ्या वहीचे पहिले पान झाली.

अर्धी आज, अर्धी उद्या

माझा संग्रह सामान्य नोकरदाराचा आहे. ज्या नोटा परवडल्या त्या घेतल्या. ज्या परवडल्या नाहीत, त्यांची छायाचित्रे वहीत चिकटविली. दुसऱ्या पानावर असेच एक छायाचित्र आहे.

१८६१ च्या कायद्यान्वये नोटा काढण्याचा अधिकार केवळ सरकारकडे आला. त्यापूर्वी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या बँका आपापल्या नोटा काढत असत. सरकारच्या सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत, आणि प्रत्येक नोट ठराविक विभागापुरतीच वटत असे. कलकत्ता, मुंबई, मद्रास, रंगून, कानपूर, लाहोर आणि कराची असे हे विभाग. दूरच्या गावी रक्कम पाठविणे जोखमीचे असल्याने व्यापारी नोट मधोमध कापत आणि एक अर्धा भाग टपालाने पाठवत. तो पोहोचल्याची खबर आली, की दुसरा अर्धा रवाना होई. जोडलेल्या अशा नोटा आजही संग्राहकांकडे पाहावयास मिळतात.

गुरुजी हे छायाचित्र बराच वेळ न्याहाळत होते. "म्हणजे पहिला अर्धा भाग हाती पडला, तरी त्याची किंमत शून्यच!" ते म्हणाले.

त्याच पानावर समुद्राची एक कथा आहे. इंग्लंडमध्ये छापलेल्या नोटा घेऊन लंडनहून मुंबईकडे निघालेले 'शिराला' नावाचे जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडविले. जहाजावरील नोटांपैकी काही लाटांबरोबर किनाऱ्याला लागल्या. त्यांतील बहुतेक नष्ट करण्यात आल्या. थोड्या मात्र लोकांकडे राहून गेल्या. पाच आणि दहा रुपयांच्या त्या नोटांवर स्वाक्षरीदेखील झालेली नव्हती. पुढे मे २०२४ मध्ये लंडन येथे त्यांपैकी दहा रुपयांच्या दोन नोटा लिलावात आल्याची बातमी वाचली, तेव्हा मला वहीचे हे पान आणि गुरुजींची ती दुपार आठवली.

नोटांवरचा भूगोल आणि व्याकरण

पुढची पाने आपल्या देशाचा नकाशाच उलगडतात. हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या कायद्यान्वये स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांच्यावर उर्दू आणि इंग्रजीसोबत तेलुगू, कन्नड आणि मराठीतही मूल्य लिहिलेले असे. कारण मराठवाडा त्याच संस्थानात होता. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो या बँकेच्या नोटा चालत. त्यांवर आधी रुपिया आणि १९५९ पासून एस्कुदो हे चलन असे. हैदराबाद, मराठवाडा किंवा गोव्यातील आपल्या वाचकांच्या जुन्या पेटाऱ्यांत अशी एखादी नोट सापडण्याचा संभव आजही आहे.

एका पानावर एक रुपयाची लाल नोट आहे. तिचा क्रमांक 'झेड' या अक्षराने सुरू होतो. ती आपल्याच सरकारने काढली. पण भारतात तिच्याने चहाचा कपही आला नसता! आखाती प्रदेशांत तेव्हा भारतीय रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे नोटा तिकडे जाऊन आपल्या परकीय गंगाजळीवर ताण येऊ लागला, म्हणून १९५९ साली केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढण्यात आल्या. हज यात्रेकरूंसाठीही त्याच सुमारास दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांवर 'हज' असा शब्द छापलेला असे.

रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली. तिची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत आली, पाच रुपयांची. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची स्वाक्षरी एकाही नोटेवर आली नाही. दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांची आली. १९४३ साली चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सहाव्या जॉर्जच्या चित्राखाली त्यांची स्वाक्षरी असलेली नोट हा माझ्या वहीचा मानबिंदू आहे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या महात्माजींच्या नोटा निघाल्या. त्यांपैकी काहींवर भास्कर नामदेव आडारकर यांची स्वाक्षरी आहे. १९७० साली ते अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते. म्हणून तशी नोट दिसली, की संग्राहकाचा हात क्षणभर थबकतो.

"आणि हे पाहा," मी गुरुजींना म्हणालो, "१९५३ च्या सुमारास नोटांवर हिंदीला ठळक स्थान मिळाले, तेव्हा 'रुपया' या शब्दाचे अनेकवचन काय करावे यावर चर्चा झाली होती. शेवटी 'रुपये' हे रूप मान्य झाले." गुरुजी प्रथमच मनमोकळे हसले. "म्हणजे नोटेलाही शुद्धलेखन तपासून घ्यावे लागले म्हणायचे!"

हजारात एक

शेवटी आम्ही त्या पानावर आलो. पाच रुपयांच्या ट्रॅक्टरच्या नोटा माझ्याकडे ओळीने अकरा होत्या. मी म्हणालो, "गुरुजी, या मला प्रत्येकी पाच रुपयांना पडल्या. माझा नियम असा, की खिडकीवर वेगळी नोट आली, तर दिवसाचा हिशेब जुळल्यावर, वरिष्ठांना सांगून, माझ्या खात्यातून पैसे काढण्याची स्लिप भरूनच ती घ्यायची."

संग्राहक नोटेला किंमत देतो, ती तीन गोष्टी पाहून. तशा नोटा किती उरल्या आहेत, नोट कोणत्या स्थितीत आहे, आणि ती हवी असणारे किती जण आहेत. छपाईत चूक राहिलेली नोट दुर्मिळ असते, कारण तपासणीत बहुतेक चुका बाजूला काढल्या जातात. २००६ पासून अशा सदोष नोटेच्या जागी घातलेल्या काही नोटांच्या क्रमांकात छोटा तारा छापू लागले. तीही लोक आवडीने जमवितात. ट्रॅक्टरची नोट मात्र वर्षानुवर्षे, प्रचंड संख्येने छापली गेली.

"पण हा ७८६?" गुरुजींनी विचारले.

मी कागद पुढे सरकविला. "गणिताचे शिक्षक आपण आहात. नोटेचा क्रमांक सहा आकडी आहे. शेवटचे तीन आकडे ७८६ असलेल्या नोटा किती असतील?"

गुरुजींनी पेन काढले; पण ते कागदाला टेकलेच नाही. "हजारात एक," ते हळूच म्हणाले. "दर हजार नोटांमागे एक येणारच. म्हणजे दहा लाखांत एक हजार." थोडा वेळ ते गप्प राहिले. "हे गणित मी सातवीच्या मुलांना घालत असे."

मग मी त्यांना रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात प्रसिद्ध केलेली सूचना दाखविली. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तिच्या वतीने ते मागण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. वाचकांनी एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवावे: जो खरोखर विकत घेणार आहे, तो पैसे देतो, आधी मागत नाही.

जपणूक

ज्यांना या छंदाचा आरंभ करावयाचा आहे, त्यांनी भारी नोटांच्या मागे न लागता विषय ठरवावा: एखाद्या मूल्याच्या सर्व नोटा, गव्हर्नरांच्या स्वाक्षऱ्या किंवा नोटांवरील चित्रे. आपल्या नोटेच्या मागील बाजूस १५ भाषांत मूल्य लिहिलेले असते. मुलांना त्या लिपी ओळखायला शिकविणे हीदेखील उत्तम सुरुवात ठरते. मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००४ साली चलनाचे संग्रहालय उभारले. पुस्तकात वाचलेले प्रत्यक्ष पाहण्यासारखे दुसरे शिक्षण नाही.

नोट कडेने धरावी. तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, इस्त्री फिरवू नये. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकची पाकिटे काही वर्षांत चिकट होऊन कागद खराब करतात. पॉलिएस्टरची पाकिटे टिकाऊ. ऊन आणि दमट हवा यांपासून संग्रह दूर ठेवावा. बनावट नोट कुतूहलापोटीही जवळ ठेवू नये. तसेच, २०१६ साली रद्द झालेल्या ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा कायद्याने एकूण दहापर्यंतच ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा चलनसंग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे.

हळदीचा डाग

वही मिटल्यावर गुरुजींनी आपली नोट पुन्हा बाहेर काढली.

"म्हणजे ही कवडीमोलाची तर!"

"नाही गुरुजी. ती पाच रुपयांची आहे, आणि आजही वैध आहे."

ते नोटेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ही मला स्वयंपाकघरात सापडली. मसाल्याच्या डब्याखाली. आमच्या मंडळी अडीअडचणीला म्हणून तिथे पैसे ठेवत. गेल्या वर्षी त्या गेल्या." नोटेच्या एका कोपऱ्यावर पिवळा डाग होता. मला तो काल दिसला होता. पण मी तो संग्राहकाच्या नजरेने पाहिला होता. अशा डागाने नोटेची किंमत उतरते, एवढेच माझ्या मनात आले होते.

"हा हळदीचा डाग धुऊन निघेल का?" त्यांनी विचारले.

"नोट कधीही धुऊ नये, गुरुजी," मी म्हणालो. "आणि ही तर मुळीच नको."

मी पॉलिएस्टरचे एक कोरे पाकीट काढून त्यांना दिले. त्यांनी नोट कडेने धरून अलगद आत सरकविली, मुदत ठेवीची पावती घडी करून खिशात घातली, आणि छत्री घेऊन ते पावसात बाहेर पडले. ती ठेव तिच्या मुदतीला, व्याजासह पूर्ण झाली.